शृंगाराला मिरच्यांचे माप!

फोर्टमधील ‘किताबखाना’त किंवा दादर स्थानकाबाहेरच्या पुस्तकविक्रेत्यापाशी क्षणभर थांबले, की एक गोष्ट चटकन ध्यानात येते. महाविद्यालयात शिकणाऱ्या आणि नुकत्याच नोकरीला लागलेल्या मुली ज्या पुस्तकांवर झडप घालतात, ती बहुतेक इंग्रजी प्रेमकथांची असतात. मुखपृष्ठे रंगीत, फुलाफुलांची, एखाद्या बालपुस्तकाची वाटावीत अशी निरागस. आतला मजकूर मात्र तितका निरागस नाही. अमेरिकेतील एखादे छोटे गाव, तिथला रागीट पण मनाने हळवा नायक, शहरातून पळून आलेली नायिका, मधूनमधून गावातल्या आगाऊ म्हाताऱ्या आणि दर पन्नास-साठ पानांनी शयनगृहाचे सविस्तर वर्णन. ल्यूसी स्कोअर या लेखिकेची ‘थिंग्ज वी नेव्हर गॉट ओव्हर’ ही २०२२ ची कादंबरी या प्रकाराचा नमुना म्हणून घ्यावी. व्हर्जिनियातील नॉकेमाउट नावाचे काल्पनिक गाव, स्वतःच्या लग्नातून पळालेली नायिका आणि तिच्याशी पहिल्याच भेटीत भांडणारा नायक. जगभर ती प्रचंड खपली आणि मुंबईतही पोहोचली.

या कादंबऱ्यांपेक्षा त्यांच्यावरील वाचकांची मते अधिक बोलकी आहेत. कथानक पटले का, नायिकेचे दुःख खरे वाटले का, हे प्रश्न तिथे दुय्यम झाले आहेत. पहिला प्रश्न असतो तो तिखटपणाचा. एक मिरची की पाच मिरच्या? होय, उपाहारगृहाच्या पत्रकावर पदार्थापुढे जसे मिरचीचे चित्र असते, तसेच माप आता प्रेमकथेला लावले जाते. दोन मिरच्यांची कादंबरी म्हणजे सोज्ज्वळ, पाचांची म्हणजे झणझणीत. एखादी वाचक तक्रार करते की नायक-नायिकेचा पहिला एकांत फार उशिरा आला. दुसरी म्हणते की तेवढी प्रकरणे गाळून वाचली तरच पुस्तक बरे आहे. तिसरीला गावच अधिक आवडते, तिथली चहाची दुकाने, शेजारीपाजारी, एकमेकांच्या घरात नाक खुपसणारी माणसे. या तिसऱ्या वाचकाकडे कोणी लक्ष देत नाही. मुळात दखल घेण्याजोगे मत तेच आहे, पण त्याकडे नंतर वळू.

असे काही दृष्टीस पडले की आपल्याकडील मध्यमवर्गीय घरांतून दोन प्रतिक्रिया ठरलेल्या असतात. पहिली घाबरलेल्या पालकांची: या पुस्तकांवर बंदी का घालत नाहीत, पोलीस काय करतात? दुसरी स्वयंघोषित पुरोगाम्यांची: पाहा, मुली मोकळ्या झाल्या, बंधने तुटली, हीच खरी क्रांती! पाच मिरच्यांच्या कादंबरीत क्रांती शोधणाऱ्यांच्या बुद्धीला दाद द्यावी तेवढी थोडीच. परंतु पहिली प्रतिक्रियाही तितकीच उथळ आहे, आणि ती आपल्यातून उमटते म्हणून तिचा समाचार अधिक कठोरपणे घेणे भाग आहे.

‘श्यामा’चा खटला

मुंबईच्या मराठी वाचकाला हा वाद नवा नाही. चंद्रकांत काकोडकर हे नाव आज तरुणांना ठाऊक नसेल. पण साठ-सत्तरच्या दशकांत गिरगावच्या चाळींतून आणि परळ-लालबागच्या खोल्यांतून त्यांच्या प्रेमकथा हातोहात फिरत. चार आण्यांच्या, आठ आण्यांच्या भाड्याच्या वाचनालयांतून या कादंबऱ्या एका घरातून दुसऱ्या घरात जात. रात्रपाळीहून परतलेला गिरणी कामगार बाबूराव अर्नाळकरांच्या रहस्यकथा वाचे आणि त्याची घरधनीण काकोडकर वाचे, असे ढोबळपणे म्हणता येईल. उलटेही असेल.

याच काकोडकरांची ‘श्यामा’ ही कथा ‘रंभा’ मासिकाच्या १९६२ च्या दिवाळी अंकात प्रसिद्ध झाली. एका सामाजिक कार्यकर्त्याने तक्रार केली आणि लेखक, मुद्रक-प्रकाशक व विक्रेता अशा तिघांवर भारतीय दंडविधानाच्या कलम २९२ खाली अश्लीलतेचा खटला उभा राहिला. खालच्या न्यायालयाने सर्वांना निर्दोष सोडले. मुंबई उच्च न्यायालयाने विक्रेत्याची सुटका कायम ठेवली, पण लेखक व प्रकाशकाला दोषी धरून प्रत्येकी पंचवीस रुपये दंड केला आणि त्यांच्या ताब्यातील अंक नष्ट करण्याचा हुकूम दिला. काकोडकर सर्वोच्च न्यायालयात गेले. १९६९ साली न्या. जगनमोहन रेड्डी यांनी लिहिलेल्या निकालपत्राने त्यांची शिक्षा रद्द झाली. कथा सलग वाचावी, सुटे परिच्छेद उचलून नव्हे. समाजाच्या कल्पना काळानुसार बदलतात. आणि प्रश्न एखाद्या अपवादात्मक वाचकाचा नसून ज्या वर्गाच्या हाती ते लिखाण पडते त्या वर्गाचा आहे, असा त्या निकालाचा आशय होता. ‘श्यामा’ ही थोर साहित्यकृती आहे असा दाखला न्यायालयाने दिला नाही, आणि तसा तो देण्याची गरजही नव्हती.

पंचवीस रुपयांच्या दंडासाठी सात वर्षांची फरफट! या सात वर्षांत ज्यांच्या नीतीची एवढी काळजी वाहिली गेली, त्या वाचकांना काय वाटते हे कोणी विचारले? परळच्या त्या गृहिणीची साक्ष कोणी काढली? निकालपत्रांतून ‘वाचक’ हा शब्द पुन्हा पुन्हा येतो, पण तो कोणी बिघडवण्याजोगा, कच्च्या मनाचा, रक्षण करण्याजोगा प्राणी म्हणून. आवडले-नावडले सांगण्याचा अधिकार असलेला माणूस म्हणून तो कोठेही दिसत नाही.

गंमत अशी, की ज्या १९६९ साली सर्वोच्च न्यायालय ‘श्यामा’ अश्लील आहे की नाही याचा काथ्याकूट करीत होते, त्याच वर्षी राज खोसला यांचा ‘दो रास्ते’ हा चित्रपट आला. बलराज साहनींनी रंगवलेला तो सावत्र भाऊ, भावंडांसाठी स्वतःला झिजवणारा, आणि एका सुनेच्या अहंकाराने दुभंगणारे ते एकत्र कुटुंब पाहून अवघ्या मध्यमवर्गाचे डोळे पाणावले. हा चित्रपट ज्या ‘नीलांबरी’ कादंबरीवर बेतला होता, तिचे लेखक कोण? तेच चंद्रकांत काकोडकर! ज्या लेखकाचे अंक नष्ट करण्याचा हुकूम निघाला, त्याच लेखकाने कुटुंबधर्माची एवढी मोठी कथा देशाला दिली. माणसांवर ‘अश्लील’ आणि ‘सोज्ज्वळ’ अशा चिठ्ठ्या चिकटवणाऱ्यांनी या योगायोगाचा विचार जरूर करावा.

दुसरा दाखला दक्षिण मुंबईचाच. ‘हॅपी बुक स्टॉल’ या दुकानाचे एक भागीदार रणजित उदेशी यांच्यावर ‘लेडी चॅटर्लीज लव्हर’ विक्रीस ठेवल्याबद्दल खटला झाला. पोलिसांचे बनावट गिऱ्हाईक दुकानात गेले आणि प्रत घेऊन आले. मुल्कराज आनंद यांनी बचावाच्या बाजूने साक्ष दिली, तरी वीस रुपये दंड झाला, आणि १९६४ साली सर्वोच्च न्यायालयाने तो कायम केला. ज्या इंग्लंडच्या लेखकाने हे पुस्तक लिहिले, तिथल्या ज्युरीने मात्र त्याच्या प्रकाशकांना १९६० सालीच निर्दोष ठरवले होते. इंग्रजाने स्वतः सोडून दिलेली पट्टी स्वतंत्र भारताने मात्र हातात घट्ट धरून ठेवली.

परकी पट्टी

ही पट्टी आली कोठून? १८६८ साली इंग्लंडात हिकलिन नावाच्या दंडाधिकाऱ्याच्या एका आदेशावरून खटला उभा राहिला आणि सरन्यायाधीश कॉकबर्न यांनी कसोटी घालून दिली, की ज्यांची मने अशा लिखाणाने बिघडू शकतील आणि ज्यांच्या हाती ते पडू शकेल, त्यांना ते बिघडवते का, ते पाहावे. तो खटला कोणत्याही प्रेमकथेवर नव्हता. रोमन कॅथॉलिक पंथातील पापनिवेदनाच्या प्रथेवर टीका करणारी ती एक प्रॉटेस्टंट पुस्तिका होती! दोन ख्रिस्ती पंथांच्या भांडणातून जन्मलेले हे माप. याच मापाने रघुनाथ धोंडो कर्वे यांच्या ‘समाजस्वास्थ्य’ मासिकाला कोर्टात खेचले गेले. कर्व्यांची सगळीच मते पटण्याजोगी होती असे नव्हे. पण संततिनियमनाच्या प्रचारापायी गिरगाव चौपाटीवरील विल्सन महाविद्यालयातील प्राध्यापकी सोडावी लागलेला हा माणूस १९३४ साली ज्या मजकुरासाठी आरोपीच्या पिंजऱ्यात उभा राहिला, तो मजकूर होता वाचकांनी पत्राने विचारलेल्या प्रश्नांची उत्तरे. त्यांचे वकीलपत्र डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी घेतले. खटला हरला, दंड झाला. वाचकाने मनातली शंका विचारावी आणि संपादकाने उत्तर द्यावे, हाच गुन्हा ठरला. बा. सी. मर्ढेकरांच्या कवितांनाही याच वाटेने कोर्ट पाहावे लागले आणि ते निर्दोष सुटले.

सर्वोच्च न्यायालयाने २०१४ साली अवीक सरकार प्रकरणात ही हिकलिन कसोटी अखेर बाजूला ठेवली आणि समकालीन समाजाची मानके पाहावीत असे सांगितले. बरे झाले. पण १ जुलै २०२४ पासून दंडविधान जाऊन भारतीय न्यायसंहिता आली, तिच्या कलम २९४ मध्ये काय आहे? मने भ्रष्ट आणि कलुषित करण्याची ती जुनी भाषा जवळजवळ तशीच आहे. कलमाचा क्रमांक बदलला, नाव देशी झाले, आतला आत्मा मात्र कॉकबर्न साहेबांचाच राहिला. गुलामीच्या खुणा पुसण्याची भाषा करणाऱ्यांनी ही एक खूण का राहू दिली, याचे उत्तर त्यांनी द्यायला हवे.

आता आपल्याकडे काय होते ते पाहावे. ‘अश्लील’ हा शब्द फौजदारी कायद्याने घडवलेला नाही. तो आला अलंकारशास्त्रातून. मम्मटादी आचार्यांनी अश्लीलत्व हा काव्यदोष मानला आणि त्याचे तीन प्रकार सांगितले: ज्याने लाज वाटते ते, ज्याने किळस येते ते आणि जे अमंगल सुचवते ते. म्हणजे किळसवाणे लिहिणेही तितकेच अश्लील आणि अशुभाची अकारण सूचना करणेही. याचा अर्थ काय? आपल्या पूर्वजांच्या लेखी अश्लीलता ही कवीची चूक होती, गुन्हा नव्हता. तिची शिक्षा म्हणजे रसिकांच्या सभेत मान खाली घालणे. काश्मीरच्या आनंदवर्धनाने नवव्या शतकात खुद्द कालिदासाला या कसोटीवर पारखले. शिव-पार्वतीच्या संभोगवर्णनाला त्याने आईवडिलांच्या एकांताच्या वर्णनासारखे अनुचित म्हटले, आणि त्याच दमात हेही सांगितले की महाकवीच्या प्रतिभेच्या बळाने तो दोष वाचकाला जाणवत नाही. किती मोकळी आणि किती नेमकी टीका! ‘कुमारसंभव’ जाळण्याची मागणी त्याने केली नाही. पुढे क्षेमेंद्राने औचित्य या एकाच तत्त्वावर ग्रंथ रचला. आणि हे औचित्य ठरवणारा कोण? सहृदय वाचक. कोतवाल नव्हे.

ज्याला संस्कृतीरक्षण म्हणून पोलिसात तक्रार करावीशी वाटते, त्याने हे एकदा समजून घ्यावे, की ती तक्रार आपल्या परंपरेची नाही, व्हिक्टोरिया राणीच्या काळातील पाद्र्यांची आहे. ज्या महाराष्ट्राने होनाजी बाळा, राम जोशी, प्रभाकर यांच्या लावण्या ऐकल्या, त्या महाराष्ट्राला शृंगाराची लाज इंग्रजी शाळेत गेल्यानंतर वाटू लागली.

सहृदय कोठे गेला?

मग मिरच्या मोजणाऱ्या वाचकाला सहृदय म्हणायचे का? मुळीच नाही, आणि खरे भांडण इथेच आहे. शृंगार हा रसराज. त्याला आलंबन हवे, उद्दीपन हवे, लज्जा, चिंता, हर्ष असे येणारे-जाणारे भाव हवेत. विरहाशिवाय त्याची गोडी नाही. या साऱ्यातून गाळून केवळ शरीरक्रिया उरली, की उरते ते तिखट. तिखटाने चव येते, पोट भरत नाही. प्रकाशनव्यवसायाच्या दृष्टीने मात्र तिखट मोजता येते आणि विरह मोजता येत नाही, म्हणून बाजाराने मोजता येण्याजोगे ते उचलले. ‘फिफ्टी शेड्स’ या कादंबरीमालेच्या दहा कोटींहून अधिक प्रती जगभर खपल्यावर त्या हिशेबावर शिक्कामोर्तबच झाले. वाचकाने मिरच्यांचे शेरे द्यावेत, त्यावर पुढचे पुस्तक बेतावे, पुढच्या पुस्तकात एक मिरची वाढवावी! या देवघेवीत वाचकाचे मत ग्राहकाच्या मागणीत कधी बदलले, ते वाचकालाही कळले नाही. हे मुलींचे मोकळेपण नव्हे. पूर्वी न्यायालयाने तिला कच्च्या मनाची समजले, आता बाजार तिला नुसत्या जिभेची समजतो.

आणि आता त्या तिसऱ्या वाचकाकडे, जिला गावच अधिक आवडले.

दादर, परळ, गिरगावात वाढलेल्या मुलीला अमेरिकेतील एका गावाची ओढ का लागावी? कारण तिथे माणसे एकमेकांना ओळखतात. दुकानदार नावाने हाक मारतो, शेजारीण भांडते आणि आजारपणात पेज घेऊन येते, प्रेम करणाऱ्या दोघांकडे सारे गाव डोळे लावून बसते. हे वर्णन कोणाचे आहे? नॉकेमाउटचे की गिरगावातील चाळीचे? ज्या चाळी एकेक करून पडल्या आणि जिथे उंच मनोरे उभे राहिले, तिथे या मुलीच्या आजीने हेच आयुष्य काढले. लालबाग-परळच्या गिरणगावात तर आणखी गजबज. १८ जानेवारी १९८२ रोजी सुरू झालेल्या संपात सुमारे अडीच लाख कामगार उतरले, आणि त्यानंतर गिरण्या गेल्या, खानावळी गेल्या, आणि सोशल सर्व्हिस लीगसारख्या संस्थांनी कामगारांसाठी उभारलेल्या वाचनालयांची ती जुनी सवयही विरळ होत गेली. आता नातीला शेजार हवा आहे, तो तिला इंग्रजी कादंबरीत विकत घ्यावा लागतो. पाच मिरच्या त्याच्याबरोबर येतात. तिने शेजारासाठी पुस्तक उघडले, हे मान्य करायला मात्र पालकही तयार नाहीत आणि क्रांतिवादीही तयार नाहीत.

छोट्या गावातील प्रेमकथा ही अमेरिकेची देणगी आहे असे मानणाऱ्यांनी सातवाहन राजा हाल याने संकलित केलेली ‘गाथासप्तशती’ चाळावी. सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीची महाराष्ट्री प्राकृत, मराठीची पूर्वज. तिच्यात राजवाडे फारसे नाहीत. तिच्यात नांगर धरणारा शेतकरी आहे, त्याची सून आहे, पाटलाची लेक आहे, वाटसरू आहे, गोदावरीचा काठ आहे आणि सगळे पाहणारे गाव आहे. शृंगार आहे, चांगला उघड आहे, आणि काही गाथा कवयित्रींच्या नावावर आहेत. स. आ. जोगळेकरांनी १९५६ साली तिची मराठी आवृत्ती सिद्ध केली. ती किती घरांत आहे? आपल्याच मातीतील ही पहिली ‘छोट्या गावाची प्रेमकथा’ आपण अभ्यासकांच्या कपाटात बंद करून ठेवली आणि मग मुली व्हर्जिनियाला गेल्या म्हणून हळहळत बसलो.

मराठी साहित्यव्यवहाराचाही यात मोठा वाटा आहे. ना. सी. फडके आणि वि. स. खांडेकर यांच्या काळात प्रेम हा कादंबरीचा मानाचा विषय होता. कला कलेसाठी की जीवनासाठी, असा वाद घालणारे हे दोघेही साहित्य संमेलनाचे अध्यक्ष झाले, १९४० आणि १९४१ असे लागोपाठ. पुढे योगिनी जोगळेकर, शैलजा राजे यांनी स्त्रीवाचकांचा मोठा वर्ग सांभाळला. मग समीक्षकांनी ठरवले की प्रेमकथा म्हणजे हलके वाङ्मय. वेदना हवी, विद्रोह हवा, तुटलेपण हवे. सुखान्त हा शब्द शिवीसारखा वापरला जाऊ लागला. अभिव्यक्तिस्वातंत्र्याचे झेंडे नाचवणाऱ्या याच मंडळींनी काकोडकरांना वाङ्मयेतिहासात किती ओळी दिल्या? कोर्टाने त्यांना निर्दोष सोडले, समीक्षेने कधीच सोडले नाही. आणि लोकांना आवडते ते हीनच असले पाहिजे, हा या सांस्कृतिक सरदारांचा सिद्धान्त मराठी वाचकाला इतका भोवला, की आज पंचवीस वर्षांची मराठी मुलगी आपल्या भाषेत प्रेमकथा मागते तेव्हा ग्रंथपालाला तिच्या आईच्या पिढीतले फाटके पुस्तक काढून द्यावे लागते.

मनातली कोवळी गोष्ट बोलायला मराठी अपुरी पडते असे तरुण म्हणतात, तेव्हा भाषेला दोष देण्यात अर्थ नाही. ज्या भाषेत कोणी त्या गोष्टी लिहीतच नाही, तिच्यात त्या बोलायच्या कशा? चिपळूण, सावंतवाडी, मिरज, वाई ही गावे काय नॉकेमाउटहून फिकी आहेत? तिथल्या एस.टी. स्थानकावर, यात्रेत, बँकेच्या शाखेत, देवळाच्या पारावर आजची प्रेमकथा घडतेच आहे. ती उचित शृंगाराने, मोकळेपणाने आणि नेटक्या मराठीत लिहिणारा हात तेवढा दिसत नाही. लाज आणि उपहास या दोहोंच्या मध्ये तो चेपला गेला.

कुटुंबात याचे काय करावे, हा प्रश्न व्यवहाराचा आहे. मुलीच्या उशाखालचे पुस्तक ओढून घेणाऱ्या बापाला ते दुसऱ्या दिवशी भ्रमणध्वनीच्या पडद्यावर फुकट वाचले जाते, हे ठाऊक नसते. तेच पुस्तक आईने वाचले आणि संध्याकाळी जेवताना विचारले, की बाई, हा नायक तुला खरोखर आवडला? पहिल्या भेटीत अपमान करणारा माणूस पुढे सुधारतो हे पटते? तर मिरच्यांचा हिशेब दहा मिनिटांत बाजूला पडतो आणि माणसांचा सुरू होतो. पूर्वी गिरगावच्या गॅलरीत दिवाळी अंकांवर अशाच चर्चा झडत. काशीनाथ रघुनाथ मित्रांनी १९०९ साली ‘मनोरंजन’चा पहिला दिवाळी अंक काढला, तो याच मुंबईतून. शंभराहून अधिक वर्षे दर दिवाळीला घराघरांत चालत आलेली ही वाचकांची सभा कोणत्याही न्यायालयापेक्षा चोख निवाडा करीत आली आहे.

महाराष्ट्रातील सार्वजनिक ग्रंथालयांना १९६७ च्या अधिनियमाखाली सरकारी अनुदान मिळते. १८९८ पासूनचे मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालय असो वा लालबागमधील एखादे छोटे वाचनालय, दरवर्षी कोणती पुस्तके घ्यायची हे त्यांच्या समित्या ठरवतात. या समित्यांवर आपले असंख्य कार्यकर्ते बसतात. कोणते पुस्तक काढून टाकायचे, यावर त्यांच्या बैठका रंगतात. तरुण वाचकांसाठी कोणते मराठी पुस्तक आणायचे, हा विषय पत्रिकेवर शेवटी असतो आणि वेळेअभावी पुढे ढकलला जातो. येत्या वार्षिक खरेदीच्या वेळी तो पहिला घ्यावा, आणि जोगळेकरांच्या ‘गाथासप्तशती’ची एक प्रत संदर्भविभागात कुलपात न ठेवता देवघेवीच्या कपाटात ठेवावी.